शिरोडेंचा डावा हात

शिरोडे लिफ्टमध्ये शिरताना डावा हात डोक्यावर धरत. वर्गात पोरगं "बाई, जाऊ का?" म्हणून हात वर करतं ना, अगदी तसा. लिफ्टचं दार, आतला स्टीलचा पत्रा, शेजारणीची भाजीची पिशवी, पिशवीची कडी, हे सगळे त्यांच्या मते एकाच कटात सामील होते. कट होता त्यांच्या डाव्या मनगटावरच्या स्विस घड्याळाविरुद्ध. एकदा कुरिअरवाला आधीच लिफ्टमध्ये उभा होता. हात वर करून आत येणारा हा गृहस्थ पाहून तो इतका दचकला की त्यानंही आपले दोन्ही हात वर केले. दोघं तसेच आमच्या मजल्यापर्यंत आले. दार उघडलं तेव्हा समोर मी होतो. पुढं हा किस्सा मी निम्म्या इंदिरानगरला सांगितला असेन.

सांगितला, हीच अडचण आहे. गेल्या महिन्यात शिरोडे नवरा-बायको पुण्याला लेकीकडे कायमचे राहायला गेले. सोसायटीनं निरोपाचा छोटा कार्यक्रम केला. इडली-सांबार आणि भाषण. भाषण माझं. मी लिफ्टचा किस्सा सांगितला, घोटीच्या लग्नाचा सांगितला, आणि शेवटी 'बायकोला घाबरणारा आमचा शूर मित्र' असं म्हणून त्यांना शाल घातली. लोक पोट धरून हसले. शिरोडेही हसले. वहिनी खुर्चीत बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या.

घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. कारण खरी गोष्ट मला ठाऊक होती, एकट्यालाच ठाऊक होती, आणि तरी मी हशा घेतला. शेवटी पुण्याला फोन लावून विचारलं, "शिरोडे, लिहू का सगळं?"

ते म्हणाले, "लिहा. फक्त, जगताप, घड्याळावर ओरखडा कोणी पाडला तेही लिहा."

लिहितो.

हे घड्याळ वहिनींनी दिलेलं. वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा स्वतःला काही न घेता त्यांनी नवऱ्याला घड्याळ घेतलं. पट्टा ब्रश फिनिशचा, म्हणजे पोलादावर केसासारख्या बारीक रेघा, सगळ्या एका दिशेनं. काचेभोवतीचं कडं मात्र पॉलिशचं, आरशासारखं. हा फरक मला कसा माहीत? शिरोडेंच्या शेजारी राहणाऱ्या कोणालाही तो माहीत नसणं शक्य नव्हतं. ते जगाची विभागणीच तशी करत.

"जगताप, पॉलिश म्हणजे धोका. चार लोकांत उठून दिसतं, पण साधी शर्टाची बाही घासली तरी त्यावर रेघ उठते. ब्रश फिनिशचं तसं नाही. ते मुळात रेघांचंच असतं. एखादी जास्तीची रेघ ते पोटात घालतं."

ही विभागणी पुढं माणसांनाही लागू झाली. सोसायटीचे नवे सेक्रेटरी पॉलिश. दूधवाला ब्रश. माझ्या भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा ते बरोबर होते. परतताना म्हणाले, "मुलगी ब्रश फिनिश आहे, होकार द्या. तुमचा भाचा पॉलिश आहे, त्याचीच काळजी वाटते." दोघांचं छान चाललंय. भाच्याला आम्ही हे सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या बाल्कनीत देखभाल चाले. टेबलावर पांढरं फडकं. कड्यावर चिकटपट्टी लावून ते झाकायचं, कारण घासणीचा एक फटकारा तिथं बसला तर आरसा गेला. मग भांडी घासायच्या हिरव्या घासणीचा टिकलीएवढा तुकडा घ्यायचा, श्वास रोखायचा आणि पट्ट्यावरून एकाच दिशेनं ओढायचा. परत आणताना उचलून आणायचा. मागे-पुढे केलं की रेघा विस्कटल्या. "दिशा सांभाळा!" हे त्यांचं ब्रीद होतं. जिना पुसणाऱ्या बाईंनाही ते हेच सांगत. बाई एकदा म्हणाल्या, "दादा, दिशा सांभाळते, पण बादली कोन सांभाळील?"

त्या वेळी आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली की भिंतीपलीकडून "अरे देवा!" ऐकू येई. आमच्या हिनं शेवटी रविवारची डाळ उशिरा लावायला सुरुवात केली.

कडं मात्र घरी करता येत नसे. त्यासाठी कॉलेज रोडच्या दुकानातल्या कारागिराकडे जावं लागे. तिथून ते डॉक्टरांकडून रिपोर्ट घेऊन आल्यासारखे परतत. "तो म्हणतो, दरवेळी पॉलिश करताना थोडं पोलाद जातं. कडा झिजताहेत. साबणाच्या वडीसारखं गोल होत चाललंय. आता फार वेळा करता येणार नाही म्हणाला." बोलताना त्यांचा चेहरा इतका उतरलेला असे, की मला हसू आवरायचं नाही.

घोटीच्या लग्नातली गोष्ट अशी. माझ्या चुलत्याच्या नातीचं लग्न. शिरोडे डाव्या मनगटावर जुन्या मोज्याचा तुकडा चढवून आले होते. नवऱ्याचा मामा दिंडोरीकडचा द्राक्षबागाईतदार, आडदांड, हातात जाडजूड कडं. त्यानं आनंदाच्या भरात शिरोडेंना कवटाळलं. शिरोडेंनी क्षणात डावा हात वर फेकला आणि तसाच ठेवला. मामा सोडेना, हात खाली येईना. शेवटी मामानं मान वळवून वर पाहिलं. "काय वो साहेब, काखंत गळू झालंय काय? लय दुखतंय का?" आणि लगेच मंडपात हाक मारली, "अरे, कोनी डाक्टर हाय का हितं?" डॉक्टर होता. तो आला. शिरोडेंनी त्याला बगल दाखवली, पण मोजा काढू दिला नाही.

अशा माणसाची थट्टा न करणं माझ्यासारख्याला जमणारं नव्हतं. शिवाय मी तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष होतो, आणि अध्यक्षाला लोकांना हसवायची हौस असते. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. घोषणा चालू होत्या. शिरोडे आपले कोपऱ्यात, मोजा चढवलेला डावा हात पोटाशी. मला काय सुचलं, मी गेलो, त्यांचं ते मनगट धरलं आणि "बोला, भारत माता की जय!" म्हणत उंच उचललं. माझ्या मुठीत पंपरूमच्या किल्ल्यांचा जुडगा होता.

कर्र असा आवाज झाला. फार मोठा नाही. पण शिरोडेंनी तो ऐकला हे मला त्यांच्या हातातूनच कळलं. मोजा वर सरकला होता, आणि कड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ होती.

"अहो, त्याला काय होतंय, पुसून टाका," मी म्हणालो.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. रेघेवरून बोट फिरवत हळूच म्हणाले, "आता तिला काय सांगू?"

बस्स. सगळे जे हसले! घड्याळाला जपतात ते बायकोच्या भीतीनं, हा शोध त्या दिवशी लागला आणि मी तो वर्षानुवर्षं वापरला.

नंतर काही दिवस शिरोडे दिसलेच नाहीत. रविवारीही बाल्कनीचं दार बंद. आमच्या हिनं टोचून टोचून मला माफी मागायला पाठवलं. बेल वाजवली. दार बोटभर उघडलं. भर दुपारी घरातही त्यांनी फुल स्वेटर घातला होता, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

"जगताप, आत्ता नको," ते कुजबुजले.

पण आतून वहिनी आल्याच. नीटनेटकी साडी, नीट विंचरलेले केस. तोपर्यंत मी त्यांना फार बोलताना ऐकलं नव्हतं. शिरोडे त्यांना खाली आणत नसत. त्याचेही आम्ही नाना अर्थ काढत असू.

"कोण आहे हो? बरं, हात दाखवा तुमचा. लोकांना दाखवू या ना, कसं दिसतंय."

"अगं, नंतर."

"दाखवा हो. कालच तर घेतलंय!" त्यांनी हसत हसत बाही वर केली. कड्यावर नजर गेली आणि हसू तिथंच थांबलं. त्यांनी रेघेवर अंगठा घासला. पुन्हा घासला. "हे जुनं आहे," त्या म्हणाल्या. "जुनं कसं झालं?" मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. "किती दिवस झाले? अहो, मी कुठं होते?"

मी आयुष्यात बरीच घाबरलेली माणसं पाहिली आहेत. तशी भीती पाहिली नाही. त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"काही नाही गं," शिरोडे अगदी सहज आवाजात म्हणाले, "दुकानदारानं दुसऱ्याचंच दिलं. आत्ता बदलून आणतो." त्यांना आत नेऊन बसवलं आणि मला जिन्याजवळ ओढलं. सहजपणा संपला होता.

"ती विसरते, जगताप. पाच-सहा वर्षं झाली. घड्याळ तिनं कालच घेतलं असं तिला रोज वाटतं, रोज बघायला मागते. ओरखडा दिसला की मध्ये काळ गेला हे तिला कळतं. कुठं गेला ते कळत नाही. मग ते डोळ्यांपुढे असेपर्यंत घाबरलेली असते. दुसरं घड्याळ आणून पाहिलं, तिनं ओळखलं. हेच नवं ठेवावं लागतं." थोडं थांबून म्हणाले, "आणि तो कारागीर म्हणतो, कडा संपत आल्या."

माझा हात खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर गेला.

"दुकानात जाऊन येईपर्यंत बसाल तिच्याजवळ? तिला एकटं सोडून जाववत नाही. कोणाला सांगू नका. लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागतील. तिला ते आवडणार नाही. तिचा सगळा वर्ग तिला घाबरायचा."

मी बसलो. माझ्याच घराच्या पलीकडची खोली, पण मी खुर्चीच्या कडेलाच टेकलो होतो. त्या विचारतील आणि मी चुकीचं उत्तर देईन, मग पुन्हा तो चेहरा. वहिनी खिडकीशी बसून होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. बऱ्याच वेळानं मान वळवली. चेहरा निवळलेला. घड्याळ समोर नव्हतं, तेव्हा त्यांच्या लेखी ते अजून घेतलंच नव्हतं.

"तुम्ही यांचे मित्र ना?" त्यांनी आवाज खाली आणला. "मग एक सांगा. मी यांना घड्याळ घेणार आहे. यांना बोलू नका. दुकानदार म्हणतो, सगळं चकचकीत घ्या, उठून दिसतं. तुम्हाला काय वाटतं?"

"तुम्हाला काय वाटतं, वहिनी?"

"दिसतं छान. पण तुम्ही यांना ओळखत नाही. घाबरट आहेत हो फार. मुलीला साधा ताप आला तरी हे रात्रभर दाराशी उभे. चकचकीत घेतलं आणि जरा कुठं लागलं की जिवाला खातील." त्या विचार करत राहिल्या. "ते रेघारेघांचं असतं ना, ते घेते. त्यात लागलेलं दिसत नाही म्हणे. म्हणजे हे बिनधास्त घालतील. नाही का?"

"तेच घ्या," मी म्हणालो.

शिरोडे परतले तेव्हा धापा टाकत होते. घड्याळ दुकानात ठेवून घेतलं होतं. मनगटावर घड्याळाच्या जागी कातडीचा पांढरा पडलेला पट्टा, आणि तो झाकायला बाही खाली ओढत ते दारातच थबकले. माझ्याकडे पाहत होते. काय काय विचारलं तिनं, काय सांगितलंत?

वहिनी उठून त्यांच्यापर्यंत गेल्या. त्यांचा डावा हात हातात घेतला, बाही वर सारली. शिरोडेंनी डोळे मिटून घेतले.

"किती गार हात हे!" त्या म्हणाल्या. आणि बोलता बोलता अंगठा आणि मधलं बोट त्यांच्या मनगटाभोवती हळूच जुळवलं, जरा सैल केलं, पुन्हा जुळवलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

त्या माप घेत होत्या. शिरोडे पायात चपला तशाच ठेवून, हात पुढे करून, अजिबात न हलता उभे होते.