आप्पांचा सरदार

"मास्तर, थांबा तिथंच! आत ससा हाय."

उंबऱ्यावर टाकायला उचललेला पाय मी तसाच हवेत ठेवला. न्हावरे गावात धोंडीआप्पांची आणि आमची भिंतीला भिंत. त्यांच्या घरात एकदा साप निघाला, तेव्हा ते बिडी ओढत त्याला काठीवर घेऊन ओढ्याला सोडून आले होते. तेच आप्पा आज उसाला पाणी देतानाचे गमबूट चढवून, हातात सूप ढालीसारखं धरून स्वतःच्याच घराबाहेर उभे! आणि शत्रू कोण? दुधी भोपळ्याएवढा, पांढराशुभ्र, लांब कानांचा.

आप्पांचं सगळं तरुणपण मेंढरांमागं गेलं. कालव्याचं पाणी आलं, ऊस लागला, मेंढरं विकली. पण नजर मेंढपाळाचीच राहिली. माणसंही ते तशीच पारखायचे. नवा तलाठी आला, तर "मागच्या पायांत दम न्हाई ह्याच्या." पुतणीला बघायला पाहुणे आले, तर आप्पांनी नवऱ्या मुलाला आधी हसायला लावलं आणि दात तपासले. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं, "कळपात जिंदगी घातलीय मी. मला शिकवायचं न्हाई."

ससा दौंडचा. तिथल्या रेल्वेतल्या पुतण्यानं हौसेनं ससे पाळले होते. बदली झाली तेव्हा त्यातला एक त्यानं आप्पांना दिला. आप्पांनी तो मानगुटीला धरून उचलला, उलटा केला, सुलटा केला, पोटाखाली फुंकर मारली आणि जाहीर केलं, "नर हाय. नाव सरदार." लगेच पाठीवर गेरूचा ठिपका. कळपात मिसळला तर ओळखू यावा म्हणून! कुठल्या कळपात, हे विचारायची आमची टाप नव्हती. संध्याकाळी सुतळी बांधून सरदारला कालव्याच्या कडेला चारायला न्यायचे. सरदारही गरीब. हिंडून आला की आप्पांच्या मांडीवर झोपायचा.

असा पंधरवडा गेला असेल, आणि एका सकाळी अघटित घडलं. आप्पांनी लसूणघासाची जुडी पुढं केली. सरदारनं तिच्याकडं पाहिलंही नाही. तो गुरगुरला. होय, ससा गुरगुरला! मी या कानांनी ऐकलं. मागचा पाय त्यानं दाणकन जमिनीवर आपटला आणि आप्पांचा अंगठा फोडला.

आप्पांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला. रक्ताकडं नुसते बघत राहिले. देवळातल्या नंदीनं शिंग मारलं असतं, तरी माणूस इतका हबकला नसता.

"माजलाय," शेवटी ते म्हणाले. "कळपातला एडका असाच करतो. गार पाणी मारायचं."

पाणी मारलं. सरदारनं गमबुटाला दात लावले. नजर लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळल्या. ओवाळणाऱ्या सोनाआक्काचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा, पदर फाटला. चौकशीला आलेले सरपंच धोतराचा सोगा सरदारच्या तोंडात सोडून अंगणात आले.

"उद्या तळेगावचा बाजार हाय," आक्कानं बजावलं. "ह्यो राक्षस इकून या. न्हाईतर मी चालले पाटसला भावाकडं. ऱ्हावा दोघं एकमेकांला ढुशा देत!"

आप्पांनी मला बाजूला घेतलं. मग हळूच मला म्हणाले, "मास्तर, बाजारात त्याला कापणारंच घेत्यात."

दुसऱ्या दिवशी मला उंबऱ्यावर अडवून झाल्यावर आप्पांचं सूप पुढं, माझ्या हातातली बांबूची पाटी मागं, असे आम्ही आत शिरलो. कोपऱ्यातल्या घोंगडीवरून सरदार थेट चाल करून आला. मी डोळे मिटून पाटी उपडी टाकली. केवळ नशिबानं तो तिच्याखाली सापडला. आप्पांनी घोंगडी उचलली.

खाली पिंजलेल्या कापसासारखा ढीग. सरदारनं स्वतःच्याच पोटावरचे केस उपटून घातलेले. आणि त्या ढिगात काहीतरी वळवळत होतं. गुलाबी, उघडं, बोटाएवढं. एक नाही, बरीच.

"आवो," आक्का मागून म्हणाली, "तुमचा सरदार बाळंत झाला की!"

मी भिंतीला टेकून हसलो. मेंढ्यांची बाळंतपणं करण्यात हयात गेलेला माणूस! "कळपात जिंदगी..." मी सुरुवात केली.

आप्पांनी हातानंच मला थांबवलं. पाटी उचलली. ससा सुटला तो सरळ पिलांकडं गेला.

"चुकलो," आप्पा म्हणाले. "पोटुशी व्हती. आन् आपण पाणी मारलं तिला."

बाजार राहिला. आक्काही पाटसला गेली नाही. गाव मात्र हसून हसून दमलं.

चार दिवसांनी आप्पांनी मला हाक मारली. मूल झालं की आमच्याकडं पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजतात, शेजारपाजारच्या बायका जमतात. आक्काला मूल नव्हतं. म्हणून तिला त्या पूजेला कुणी बोलवत नसे, आणि का ते कुणी तोंडानं सांगतही नसे.

जाऊन बघतो तर आप्पांनी पाटा-वरवंटा धुऊन मांडलेला. शेजारी हळदकुंकू, विड्याची पानं. मी हसायच्या तयारीत होतो.

"पूज," आप्पा आक्काला म्हणाले.

"सशाची पाचवी? खुळं झाला काय! लोक काय म्हंतील?"

"घर आपलं हाय. पाचवी आपल्या घरातली हाय. मग तूच पुजायची."

 आक्कानं डोक्यावरून पदर घेतला, खाली बसली आणि कुंकवात बोट बुडवलं. ते वरवंट्याला टेकवण्याआधी तिनं एकवार पिलांकडं पाहिलं.

आप्पांनी माझा दंड धरला. "चला मास्तर. बायकांचं काम हाय, गडीमाणसानं थांबायचं नसतं," म्हणाले, आणि मला बाहेर आणून हलक्या हातानं दार ओढून घेतलं.