गेनू हवालदारांचा रबाब

गेनू हवालदार पौडच्या हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसत. चहा आला की पहिला घोट समोरच्याला प्यायला लावत. बहुतेकदा तो समोरचा म्हणजे मी, गावचा शाळामास्तर.

दुसरं महायुद्ध संपून बारा वर्षं झाली होती, तरी दार वाजलं की आतून “थांब! कोन हाय?” यायचंच. घरात चोरण्याजोगी वस्तू एकच. आफ्रिकेतून आणलेला रबाब. कातडं ताणलेलं खोकं, त्याला दांडा, घोड्याच्या केसांची एकच तार आणि वर फिरवायला गज. आवाज वंगण नसलेल्या बैलगाडीचा. दर शनिवारी तो घोंगडीत गुंडाळून ते सदूच्या आईकडे वाजवायला नेत. सदू गावचाच, त्यांच्या पलटणीतला. तो आफ्रिकेतून परत आला नाही.

कुणी हात पुढे केला की हवालदार गुरकावत, “लांबून बघा. डोळं हायेत न्हवं?”

संशयात मीही कमी नव्हतो. रबाब चोरीचा आहे, हे माझं ठाम मत होतं.

तशात बाबू टांगेवाल्याच्या घोडीची शेपटी विरळ होऊ लागली. “करनी हाय मास्तर! केस नेऊन कुनीतरी घोडी बसवनार माझी,” म्हणत त्याने सख्ख्या चुलत्याशी बोलणं टाकलं. टांग्याचा अड्डा शाळेसमोरच, म्हणून पाळत माझ्याकडे आली.

शनिवारी दुपारी चोर सापडला. एका हातात गूळ, दुसऱ्या हातात कात्री. हवालदार!

“अहो, बाबूकडे मागायचे केस!”

“मागितलं की त्यो इचारंल, कशाला? तार तुटलीया मास्तर. म्हातारी वाट बगत आसंल.”

मग घोडीच्या आडोशाला उभं राहून ते हळूच बोलले.

“सदू जाताना तिकडची एक बाई त्याच्यापाशी ह्ये वाजवत बसली व्हती, आसं सांगितलंय म्या म्हातारीला. खोटं हाय. त्यो गेला तवा मी दोन मैल मागं. ह्ये बाजारात सिगारेटी देऊन घेतलं. पर घरी आलो तर म्हातारी रोज इचारायची, येकटाच गेला का रं? कुनी ह्ये हातात घिऊन चार सवाल केलं, की संपलं सगळं.”

मला माझीच लाज वाटली. मी शेपटी धरली, त्यांनी केस कापले. तार वळून झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर गेलो.

म्हातारीने डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर माझ्याकडे वळली.

“मास्तर, ह्यो गेन्या ल्हानपनापास्नं लबाड. तुमी शिकलेलं. खरं सांगा, माझ्या सदूपाशी त्या वक्ताला कुनी व्हतं का?”

हवालदार गजाकडे बघत राहिले.

“होतं, आजी,” मी म्हणालो. “पेपरात आलं होतं.”

तिने पदराने तोंड पुसलं.

“मंग वाजव की रं अजून, गेन्या. थांबलास कशाला?”