पोचवण्यापुरते टायर

सुगंधानं पाटा-वरवंटा गोणपाटात गुंडाळून सुतळीनं करकचून बांधला, तेव्हा नागोराव आत येता येता दारातच थांबले. बाई चार दिवस माहेरी जाते तेव्हा लुगडी नेते, फार तर लोणच्याची बरणी नेते. पाटा कुणी नेत नाही. पाटा निघाला म्हणजे पुन्हा या घरात येऊन चटणी वाटायची नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलेलं असतं.

"पाटा कशाला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईनं दिलेला हाय."

"जड होईल."

"मला नाही होत."

बोलणं तिथंच संपलं. त्या दोघांचं बोलणं एरवीही एवढ्यातच संपत असे. नागोराव मूळचे परभणीकडचे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा वीजकामाचे फोरमन म्हणून ते इथं आले आणि बोईसरजवळच्या वसाहतीत त्यांनी बिऱ्हाड मांडलं. सुगंधाला ही जागा कधी मानवलीच नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं दाराच्या कड्या गंजल्या, सुया गंजल्या, एका पावसाळ्यात तर तिचा अडकित्तासुद्धा उघडेना. ज्वारीची भाकरी मिळायची मारामार. शेजारची पाम गावची पुष्पलता सुकी मासळी विकायला यायची, ती तेवढी दारात टेकून बोलायची. पण सुगंधा माळकरी घरातली, तिला त्या टोपलीचा वास सोसत नसे. म्हणून बोलणं व्हायचं ते नाकाला पदर लावून. बाकी दिवसभर वारा आणि ती.

नागोराव कामावरून आले, की त्या गाडीपाशी जात.

ती गाडी प्रकल्पावरच्या एका परदेशी साहेबाची. लाल रंगाची, दोन सीटांची, लांब नाकाची, बसल्यावर बूड जमिनीला टेकेल की काय असं वाटणारी. साहेब तिला स्पोर्ट्स कार म्हणत असे. त्यानंही ती मुंबईत कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. मायदेशी परत जाताना तो ती नागोरावांना बक्षीस देऊन गेला, कारण त्याच्या बंगल्यातली बिघडलेली प्रत्येक वस्तू नागोरावांनी चालू करून दिली होती. वर्षभर नागोरावांनी त्या गाडीचा एकेक नट पुसला. इंजिन असं केलं की कान लावल्याशिवाय चालू आहे की बंद ते कळू नये. फक्त टायर तेवढे राहिले. म्हणून गाडी वसाहतीच्या मैदानाला चक्कर मारण्यापलीकडं कुठं गेली नव्हती, आणि तीत सुगंधा एकदाही बसली नव्हती.

"शुक्रवारी दादरला दादा येणार हाय मला न्यायला," सुगंधा म्हणाली. "दुपारची मुंबईची गाडी बोईसरला थांबत नाही. पालघरला जावं लागंल."

"एसटी आहे की."

"एसटीनं नाही जायाची मी. ह्याच गाडीतनं सोडा मला. वरीसभर दारात उभी हाय. जाताना का होईना, एकदा बसते."

नागोरावांना यावर पुष्कळ काही म्हणायचं होतं. नको जाऊस, हे त्यातलं पहिलं. पण तोंडातून निघालं ते असं: "मग टायर बदलावे लागतील."

बोईसर स्टेशनाबाहेर चिंधूचं पंक्चरचं दुकान होतं. चिंधूनं पुढच्या चाकावरून हात फिरवला आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांना बाजूला घेणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला.

"सायेब, यात रबर कुटं हाय? नुसतं फडकं र्‍हायलंय."

"नवे मिळतील?"

"ह्या मापाचं आता येत नाय. भायेरून यायचं, ते बंद झालं."

"मग काय करायचं?"

"यावरच नवीन रबर चढवता येतं, पन चढवायला खाली काय तरी पायजे. बैलगाडीचं टायर बसंल, पन त्याला पळायची सवय नाय, फुडं बैल जुपायला लागतील. र्‍हायलं जीपचं. रिम सोळाचं हाय, जीपचं टायर चढंल. जाड हाय, उंच हाय, पन फुटायचं नाय." चिंधूनं हात पुसले. "जायाचं किती लांब?"

"पालघर."

"येवढंच? मग हेच र्‍हाऊ द्या."

"नाही नाही. मंडळींना पोचवायचंय स्टेशनावर. वाटेत खोळंबा होऊन चालणार नाही."

"आनि परत कदी आनायचंय?"

नागोरावांनी रिमवरची धूळ रुमालानं पुसली. चिंधू आवाज खाली आणून म्हणाला, "जीपचंच बघा सायेब. मासवनला धर्माजी ठेकेदार हायेत, त्यांची जीप पावसात नदीत गेली. टायर नवंच होतं."

रविवारी सकाळी नागोराव मासवणला गेले. जीप सूर्या नदीतून ओढून काढली होती आणि अंगणात उभी होती. तिच्या बॉनेटमधून गवत उगवलं होतं. धर्माजी समोर बाजेवर बसून तिच्याकडं बघत होते. ते रोजच बसत, असं घरच्यांनी सांगितलं.

"टायर इकायचं नाय मला," धर्माजी म्हणाले. "टायर काडलं म्हंजे ती गेली."

नागोरावांना ते पटलं. ते उठून निघाले. तेवढ्यात धर्माजींनी हाक मारली. "तुमी इजेचं काम करता ना? माझा हिरीवरचा पंप बंद हाय. तो चालू करून द्या आनि घेऊन जा काय ते. मी आत जाऊन बसतो, मला बगवायचं नाय."

पंपाची मोटर जळकी निघाली. तिच्या तारा उकलून पुन्हा गुंडाळण्यात दिवस गेला. पाणी पडलं तेव्हा उन्हं कलली होती. चार टायर एसटीच्या टपावर टाकून, पालघरला दुसऱ्या एसटीच्या टपावर चढवून नागोराव घरी आले, तेव्हा सुगंधा झाकलेल्या ताटापाशी बसली होती. पुरणपोळ्या गार होऊन कडक झाल्या होत्या. शुक्रवारच्या आधीचा हा शेवटचा सुट्टीचा दिवस होता, हे नागोरावांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"मिळाले का?" तिनं विचारलं.

"मिळाले. एक नंबर आहेत. परभणीपर्यंत गेलो तरी काही व्हायचं नाही."

सुगंधानं ताटावरचं झाकण काढलं आणि ती आत निघून गेली. चांगल्या बातमीवर असं का व्हावं, ते नागोरावांना कळेना.

टायर रिमवर चढले, पण चाकं फिरेनात, मडगार्डला घासत. मग मडगार्ड कापले. कापल्यावर कडा चिरायला लागल्या, म्हणून त्या आत वळवल्या. गाडी वीतभर उंच झाली. पूर्वी ती बसलेल्या मांजरासारखी दिसे, आता पायांत दुसऱ्याचे बूट घातलेल्या माणसासारखी दिसू लागली. नागोरावांनी मैदानाला नेहमीसारखी उजवीकडून चक्कर मारली. कुठंही घासलं नाही.

रामकिसन त्यांच्याच गावाकडचा, कामावरचा सोबती. गुरुवारी संध्याकाळी तो येऊन उभा राहिला.

"नागोराव, तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का? वैनी निघाल्या, आन् तुम्ही त्यांचा रस्ता गुळगुळीत करायलाव!"

"गाडी चुकायला नको."

"चुकू द्या की! ह्यातला एक जुना, फडकं निघालेला लावा मागं. उमरोळीच्या अलीकडंच बसतोय फटकन. रेल्वे जाती निघून. तुम्ही दोघं झाडाखाली बसा, बोला काय ते. सगळं नीट व्हतं."

"म्हणजे मुद्दाम खराब टायर लावू?"

"व्हय."

आयुष्यात नागोरावांनी सैल स्क्रू असा कधी ठेवला नव्हता. पण रामकिसन गेल्यावर ते बराच वेळ पायरीवर बसले, आणि मग उठून मागचं डावं चाक काढून त्यांनी जुना टायर असलेलं जादा चाक लावलं. जेवताना त्यांनी वर बघितलं नाही.

शुक्रवारी सुगंधा हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. मागच्या फळीवर ट्रंक बांधली. पाटा-वरवंटा तिनं आपल्या पायाशी ठेवून घेतला. केसांवरून पदर घेतला आणि ती समोर बघत बसली. पहिल्यांदाच बसली होती. नागोरावांनी तिच्याकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं तो टायर फुटला. झाडाखाली नाही; मोरीवर फुटला, समोरून ट्रक येताना.

"उतर जरा," ते म्हणाले.

"काय झालं?"

"मागचा टायर बरोबर नाही. बदलतो."

"असू द्या की. चालंल तेवढं."

"नाही, फुटेल."

"म्हणते ना मी, चालंल."

"गाडी चुकेल तुझी," नागोराव जॅक लावत म्हणाले. सुगंधा खाली उभी राहून ते चांगलं चाक चढताना बघत राहिली. मग पुन्हा बसली, ती रस्त्याकडं तोंड फिरवून.

गाडी छान चालली. रस्त्याच्या डाव्या वाकणांवर कुठं तरी खरखर ऐकू येई, पण खडा असेल म्हणून नागोरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. पालघरच्या नाक्यावर ते आले तेव्हा रेल्वेला अजून भरपूर वेळ होता. नाक्यावरून डावीकडं वळलं की समोरच स्टेशन. त्यांनी सुकाणू डावीकडं फिरवलं. ते थोडं फिरलं आणि अडलं. कर्रर्र असा आवाज झाला आणि गाडी सरळ पुढं गेली.

रस्त्याकडेला थांबून नागोराव वाकून बघून आले. मैदानावर त्यांनी चक्कर मारली होती ती रिकाम्या गाडीनं, आणि तीही उजवीकडून. आता डाव्या अंगाला सुगंधा होती, पाटा होता, वरवंटा होता. गाडी त्या बाजूला दबली होती आणि डावीकडं वळवलं की पुढचा जाड टायर मडगार्डच्या कापलेल्या कडेत रुतत होता.

"डावीकडं वळत नाही," ते म्हणाले.

"मग?"

"उजवीकडं वळते. तीन वेळा उजवीकडं वळलं की एकदा डावीकडं वळल्यासारखंच होतं."

हिशोब बरोबर होता. ते पुढं जाऊन उजवीकडं वळले, एका गल्लीत पुन्हा उजवीकडं वळले, आणि तिथं समोर गवताचा गाडा उभा होता. दिवाळीनंतरचे दिवस, पालघरात गवताचे गाडे रात्रंदिवस येत. हा गाडा दोन्ही भिंतींना टेकला होता. बैल निवांत रवंथ करत होते. गाडीवान गोमा गाड्यावर आडवा होता.

"अहो, बाजूला घ्या! रेल्वे गाठायचीय!"

"कुटं घेऊ? बाजू हाय कुटं?" गोमा उठून बसला. "म्होरं गवताची वखार हाय. तिथलं माप झालं का मीच हालतो."

नागोरावांनी गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. मागं घेतानाही डावीकडं फिरवावी लागत होती, म्हणजे ती मागंही जाईना. गल्लीत गाडी तिरपी होऊन बसली. मग कुणी तरी सायकलवाला मागून ओरडू लागला. नागोराव उतरले, चढले, पुन्हा उतरले, मडगार्ड हातानं ओढून बघितला. सदऱ्याला ग्रीस लागलं. सुगंधा मांडीवर हात ठेवून बसून होती.

एवढ्यात रेल्वेची शिट्टी झाली. घराच्या कौलांवरून धूर आला, डबे खडखडत थांबले, जरा वेळ सगळं शांत झालं. पुन्हा शिट्टी झाली, आणि खडखड दूर दूर जात वैतरणेच्या दिशेनं विरून गेली.

नागोराव गाडीच्या पायरीवर मटकन बसले. चार एक नंबर टायर. विहिरीतला अख्खा रविवार. वाटलं, आपल्याला धड ठेवताही येत नाही आणि धड पोचवताही येत नाही. दादरला मेव्हणा फलाटावर उभा असेल. उद्या ही एसटीनं जाईल, हे नक्की.

गोमानं गाड्यावरून वाकून सगळं नीट बघून घेतलं. "कुटं जायाचं होतं बायला?"

"त्याच गाडीनं. मुंबईला."

"आनि तुमी हितं काय करता?" गोमाला खरंच आश्चर्य वाटलं. "टेसन त्या नाक्यावरनं दिसतं. तिथंच गाडी उबी करून चालत गेला असता, तर रेल्वे यायच्या आदी पोचला असता. हमाल हाय, डोकीवर ट्रंक घेतो."

नागोरावांनी कपाळावरचा घाम पुसला, तसं ग्रीस कपाळालाही लागलं. ते हळूहळू सुगंधाकडं वळले.

"माझ्या हे ध्यानातच आलं नाही," ते म्हणाले. "टायराच्या नादात... खरंच सांगतो, ध्यानातच आलं नाही."

सुगंधा समोर, गवताच्या गाड्याकडं बघत होती.

"माझ्या आलं हुतं," ती म्हणाली.

मग तिनं पदर सावरला, पायाशी ठेवलेला पाटा ओलांडून ती खाली उतरली आणि भिंतीला लागून उभी राहिली. "घराकडं वळवा आता. वळंल."