बाळकृष्णाची साखर

"पेशंट का नाम?" राऊ गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर उदयसिंहांनी पेन उघडत विचारलं.

"बाळकृष्ण," लीलाबाई हळूच म्हणाल्या.

"माताजी, साहब का नहीं, बिल्ली का."

"साहेबांचं नाव अच्युत. बाळकृष्ण हा." त्यांनी टोपलीवरचा टॉवेल बाजूला केला. आतल्या सहा किलोंच्या बोक्यानं डॉक्टरांकडे पाहून जांभई दिली.

ऐन गोकुळाष्टमीला तो सुदामा नगरातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात लोण्याच्या गाडग्यात तोंड घालून बसलेला सापडला होता. त्यामुळे नाव शोधण्याचे कष्ट कोणालाच पडले नाहीत. पण हल्ली तो बादलीत वाकून पाणी पीत होता, खाऊनपिऊन वाळत होता आणि अंगणातल्या त्याच्या लघवीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागत होती.

डॉक्टरांनी रक्त काढलं आणि मान हलवली. "शुगर है. दूध, रोटी, शिरा सब बंद. उबला अंडा खिलाइए. हर तीसरे दिन घर पे कान से एक बूंद खून जाँचिए. महीने भर में नहीं उतरी, तो दिन में दो बार इंजेक्शन."

लीलाबाई तुळशीचं पान खुडतानाही आधी तुळशीची परवानगी घेत. त्या बोक्याला दिवसातून दोनदा सुई टोचणार?

रक्त तपासायचं मशीन परवडण्यासारखं नव्हतं. मग दवा बाजारातून कागदासारख्या पट्ट्यांची बाटली आली. पट्टीवर थेंब ठेवायचा, मिनिटभरानं कापसानं पुसायचा, आणखी मिनिटभर थांबायचं आणि आलेला रंग बाटलीवरच्या पाच चौकोनांशी ताडून बघायचा. बाटली जास्त दिवस पुरावी म्हणून लीलाबाईंनी कात्रीनं एकेका पट्टीच्या उभ्या दोन पट्ट्या केल्या. फुलवाती वळणारे हात ते, एकही पट्टी वाया गेली नाही.

रंग वाचायचं काम अच्युतरावांनी न सांगता स्वतःकडे घेतलं. मिलच्या रंगखात्यात त्यांनी सव्वीस वर्षं शेड जुळवण्यात काढली होती. मिलचा भोंगा थांबला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्या डोळ्यांना वाण्याकडची तूरडाळ पारखण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. त्यांनी पाचही चौकोनांना मिलमधली नावं देऊन टाकली. सगळ्यांत कमी साखर म्हणजे मोतिया, मग अंगुरी, पोपटी, मोरपंखी आणि शेवटी नेव्ही ब्लू.

पहिल्या दिवशी लीलाबाईंनी पूजा केली, देवाला केळ्याचा नैवेद्य दाखवला, "मुक्या जिवाला टोचतेय, क्षमा कर," असं म्हटलं आणि बाळकृष्णाचा कान धरून दाबला. अच्युतरावांनी पट्टी खिडकीपाशी नेली.

"मोरपंखी," त्यांनी निकाल दिला. "किंचित निळ्याकडे झुकलेला."

लीलाबाईंनी तिथल्या तिथे नेम केला. बोक्याची साखर मोतियावर येईपर्यंत त्या स्वतः गोड खाणार नव्हत्या आणि नैवेद्य वाढवणार होत्या. पुढल्या खेपेला केळ्यासोबत मनुका आल्या. रंगही वाढला. मग मध घातलेलं पंचामृत सुरू झालं, शिरा सुरू झाला. रंग थेट नेव्ही ब्लूवर जाऊन बसला.

बोक्याला मात्र कशाचाच वास घ्यायची परवानगी नव्हती. शेजारची बेबी तिच्या चुलीवर अंडं उकडून भिंतीवरून द्यायची. लीलाबाई ते चिमट्यानं घ्यायच्या आणि अच्युतराव तेवढा वेळ नाक धरून गच्चीत जायचे. नैवेद्याचं काय? लीलाबाईंचं गोड बंद, बोक्याचं बंद.

"देवाचं टाकता येत नाही," असं म्हणत अच्युतराव शिऱ्याची वाटी पुढे ओढायचे. "तुझ्यासाठी हेही करून राहिलोय मी."

"उपकार आहेत हो तुमचे," लीलाबाई मनापासून म्हणायच्या.

"काका, आज स्कोर काय?" बेबी भिंतीवरून विचारायची.

"ऑल आउट नाही होत गं हा! नेव्ही ब्लू!"

महिना संपायला एक दिवस उरला. लीलाबाई देवपूजा तशीच ठेवून पहाटे खजराण्याच्या गणपतीला साकडं घालायला गेल्या. तपासणीचा दिवस होता. अच्युतरावांनी अंघोळ उरकली, बेबीला मांजर धरायला बोलावलं आणि थेंब घेतला.

दोन मिनिटांनी ते खिडकीपाशी खिळून राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला.

"बेबी, मोतिया! अगदी दुधातली शेड!"

लीलाबाई फाटकातून आत येताच बातमी कळली. त्यांचे डोळे भरून आले. "इतक्या लवकर ऐकलं त्यानं? मी तर अजून टेंपोतच होते. थांबा, मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या." त्यांनी राहिलेली पूजा केली, पंचामृताचं तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि बाळकृष्णाचा कान दाबला.

नेव्ही ब्लू.

बेबी म्हणाली, "काका, राग नका मानू, पण डोळे चेक करून घ्या ना एकदा. उमर झाली आता."

अच्युतरावांचा चेहरा उतरला. मिल गेली तेव्हाही तो इतका उतरला नव्हता. लीलाबाईंनी ते पाहिलं आणि बोक्याच्या इंजेक्शनापेक्षा तेच त्यांना जास्त लागलं.

"ह्यांचा डोळा चुकायचा नाही, बेबी," त्या हळूच पण ठाम म्हणाल्या. "दुसरंच काही चुकतंय."

ते ऐकून अच्युतराव ताठ झाले. "शेड बिघडली की कापडाला शिव्या देण्याआधी आम्ही पाणी बघायचो. मग हौद बघायचो. आणि मग," ते थांबले, "कापडाला लागलेला हात बघायचो. लीला, बोट आण इकडे."

त्यांनी लीलाबाईंच्या बोटावर साध्या पाण्याचा थेंब सोडला, अंमळ फिरवला आणि कोऱ्या पट्टीवर टेकवला. दोन मिनिटांनी पट्टी काळीनिळी झाली.

"पाण्यालाही साखर झाली काय?" बेबी ओरडली.

"तीर्थ घेतल्यावर हात धुतेस तू?"

"अहो, तीर्थाचा हात कधी धुतात का?" लीलाबाई चकित होऊन म्हणाल्या. "डोक्यावरून फिरवायचा असतो."

"आणि मग बाळकृष्णाचा कान दाबायचा असतो! महिनाभर आपण त्याचं रक्त नाही, तुझं पंचामृत तपासून राहिलोय. जितका नेम कडक, तितका रंग गडद!"

लीलाबाईंनी साबणानं तीनदा हात धुतले. पुन्हा थेंब घेतला. मोतिया!

"म्हणजे देवानं कधीच ऐकलं होतं," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"ऐकलं होतं गं. तूच त्याचं उत्तर दर वेळी पुसून टाकत होतीस."

बेबी हसून हसून भिंतीला टेकली. अच्युतरावांच्या अंगात आता जुनं रंगखातं पुरतं संचारलं. "तरी पक्की खातरजमा हवी. मिलमध्ये प्रत्येक मालाशेजारी चांगल्या कापडाचा एक तुकडा ठेवायचो, ताडून बघायला. निरोगी माणसाचं रक्त घेऊ. माझं!" त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि ऐटीत बोट पुढे केलं.

दोन मिनिटं झाली. अच्युतराव पट्टी घेऊन खिडकीपाशी गेले. परत आले. पुन्हा हात धुतले, दुसरं बोट टोचलं, पुन्हा खिडकीपाशी गेले. आणि तिथेच उभे राहिले.

"काय आलं?" लीलाबाईंनी विचारलं.

खोटं बोलायला त्या क्षणी कोणाचीच हरकत नव्हती. पण सव्वीस वर्षांत त्यांनी एकही शेड खोटी सांगितली नव्हती.

"मोरपंखी," ते खोल आवाजात म्हणाले. "एक नंबर मोरपंखी. वादच नाही."

महिनाभराचा शिरा, केळी आणि पंचामृत लीलाबाईंच्या डोळ्यांसमोरून वाटी-वाटीनं गेलं. त्यांनी देवघराकडे पाहून हात जोडले. नेम पुरा झाला होता. खजराण्याहून आणलेल्या प्रसादाच्या डब्यातला लाडू त्यांनी शांतपणे तोंडात टाकला. अच्युतरावांचा हात डब्याकडे निघालाच होता, तेवढ्यात त्यांनी झाकण लावलं.

"दवाखान्यात उद्याच जायचं. माणसांच्या," त्या मृदू आवाजात म्हणाल्या. मग भिंतीकडे वळल्या. "बेबी, अंडी उकडून राहिलीस ना? आजपासून दोन टाक गं."

बाळकृष्णानं अच्युतरावांकडे एकदा नीट पाहिलं आणि चटईवर थोडं सरकून त्यांच्यासाठी जागा केली.