राखेच्या राज्याचे पडदेवाले

यादोराव काकाजींसमोर कुठलीही नवी वस्तू आली की ते आधी तिला नखाने टिचकी मारतात आणि कान लावून ऐकतात. पितळी भांड्यांच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाने गुंडी किंवा परात अशी वाजवून पाहिली तर समजू शकतं. पण काकाजी अड्याळच्या स्टँडवर आलेल्या नव्या एसटीलाही टिचकी मारतात. रंग दिलेल्या देवळाच्या खांबाला मारतात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बाशिंगाला टिचकी मारली, तर नवरदेव दचकून पाटावरून उठला. ऐकून झालं की त्यांचा एकच प्रश्न असतो, "कल्हई आहे का भांडंच बदलवलं?"

जुन्या भांड्याला आतून कथलाची कल्हई केली की ते लखलखतं, पण भांडं तेच राहतं. काकाजींच्या मते जगात जे जे नवं म्हणून विकलं जातं ते या दोनपैकी एक असतं, आणि विकणारा कधी खरं सांगत नाही. सरकार बदललं तरी ते हाच प्रश्न विचारतात. म्हणून मला ते आवडतात. मी ज्या घरात वाढले तिथे चहाच्या कपाखाली सुद्धा पत्रकं असायची. तलावावरचं अतिक्रमण, बंद झालेली बस, शाळेतलं पाणी, असल्या विषयांवर मी अजूनही पत्रकं काढते. त्यामुळे काकाजी मला नावाने हाक मारत नाहीत. "का वो पत्रकवाली," म्हणतात.

आता साठी ओलांडलेला हा माणूस भांड्यांचं दुकान सांभाळून घरी तलवारबाजीचा व्हिडिओ गेम खेळतो, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

दोष त्यांच्या मुलाचा. नितेश शाळेत असताना जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचा. नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, काकाजी त्याला 'राखेचं राज्य' म्हणतात. आपण एक भटका योद्धा व्हायचं, गावोगाव फिरायचं, सोबती जमवायचे, लोकांची कामं करायची आणि शेवटी राखेच्या राजाला हरवायचं. पोराचा नाद सोडवायचा म्हणून काकाजी एकदा शेजारी बसले, "पाहू दे काय आहे याच्यात." नितेश शाळेत गेला की ते दुपारी एकटे खेळू लागले. एक दिवस नितेश घरी येऊन रडला, कारण बाबांनी त्याचा घोडा विकून ढाल घेतली होती.

नितेश पुढे चित्रकला शिकला आणि पुण्याच्या एका कंपनीत लागला. परदेशी गेमसाठी झाडं, दगड, भिंती, पाणी तयार करून द्यायचं काम. आणि यंदा बातमी आली की 'राखेचं राज्य' नव्याने बनवलंय. नवी चित्रं, नवे आवाज आणि सोबत एक अगदी नवा भाग, जुनी गोष्ट संपल्यावर पुढे सुरू होणारा. काकाजी त्याला पुरवणी म्हणतात. त्या पुरवणीतल्या देखाव्यांचं काम पुण्याच्या त्याच कंपनीकडे होतं.

गेम घरी आला त्या दिवशी काकाजींनी टीव्हीच्या काचेला टिचकी मारली.

मग आमचा उद्योग सुरू झाला. जगभरच्या समीक्षकांनी काय लिहिलंय ते मी फोनवर शोधायचं, मराठीत सांगायचं, आणि काकाजींनी गल्ल्यावरून उत्तर द्यायचं. नव्या आवृत्तीचं सगळीकडे कौतुक होतं. एकाने लिहिलं होतं की पात्रं आता खऱ्या माणसांसारखी बोलतात.

"बोलते ना," काकाजी म्हणाले. "ते सरायवाली पहिले एकच वाक्य बोले, 'रात्र मोठी आहे, बसा.' आपल्याले समजून जाये का इचा नवरा परत आला नाही. आता पाच मिनिटं बोलून राहिली, अन् तरी समजत नाही."

दुसऱ्याने लिहिलं होतं, वाट दाखवणारा बाण दिल्याने नवख्यांची सोय झाली.

"बाणच दाखवते त हिंडायचं कायले? घरीच बसतो ना मी."

तिसऱ्याला आवडलं होतं की मेलं तरी खेळ लगेच तिथूनच पुढे सुरू होतो. काकाजींनी मान हलवली. "पहिले मरणाले इज्जत होती."

पण अन्याय त्यांनी केला नाही. लढाईचे हात सुधारलेत, जंगलातला उजेड मूळच्यापेक्षा खरा आहे, हे त्यांनी कबूल केलं. त्यांचा निकाल मी एका पानावर छापला, 'कल्हई उत्तम, भांडं तेच, काठ मात्र पिचला', आणि बाजाराच्या दिवशी वाटला. गुंडी घ्यायला आलेल्या बायका तो वाचून विचारत होत्या की कुठल्या भांड्याचा काठ पिचलाय.

अडचण पुरवणीची होती. तिच्यावर समीक्षक तुटून पडले होते. गोष्ट ओढून ताणून वाढवली, असं बहुतेकांचं मत. एकाने तर लिहिलं होतं, देखावे सुंदर पण निर्जीव, तिथे थांबावंसं वाटत नाही. हे मी वाचलं तेव्हा काकाजी परात पुसत होते. पुसतच राहिले.

"तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"मी अजून शेवटापर्यंत गेलो नाही."

"गेलात तरी तुम्ही लिहू नये," मी म्हणाले. माझं तत्त्व पक्कं होतं. "पोराच्या कामावर बापाने निकाल देऊ नये काकाजी. लोक काय समजतील?"

"मंग पोराच्या कामावर कोनी द्यावा? ज्यानं त्याले पाहिलं नाही, त्यानं?" त्यांनी परात खाली ठेवली, "निकाल राहू दे. आधी नाव पाहू."

या नावाचं त्यांनी मनावर घेतलं होतं. आमच्या झाडीपट्टीत नाटक सुरू व्हायच्या आधी माइकवरून सगळ्यांची नावं पुकारतात. नायक, नायिका, हार्मोनियमवाला, तबलजी, आणि ज्याने पडदे आणून लावले तो सुद्धा. पडदेवाल्याचं नाव गाळलं तर तो पडदे गुंडाळून निघून जाईल. गेममध्ये नावं शेवटी येतात हे काकाजींना जुन्या खेळावरून ठाऊक होतं. मग त्यांच्यासाठी विषय संपला. पुरवणीचे पडदे नितेशने केले, म्हणजे शेवटी नितेशचं नाव येणार. ते त्यांनी बाजारात सांगितलं, स्टँडवर सांगितलं, नाकाडोंगरीला फोन करून साळ्याला सांगितलं. आणि शेवटची लढाई त्यांनी मंडईच्या दिवसासाठी राखून ठेवली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. घरोघर पाहुणे येतात, दिवसा जत्रा आणि ढोलावरचा दंडार नाच, संध्याकाळनंतर नाटक. काकाजींच्या निमंत्रणाचा अर्थ पाहुण्यांनी असा घेतला की यंदा दुपारीही एक नाटक आहे, आणि ते यादोरावांच्या घरी आहे. लोक चटया घेऊन आले. सुमनकाकूंनी चिवड्याचं पातेलं मधोमध ठेवलं. नाकाडोंगरीहून आलेले डोमाजी मामा, म्हणजे काकूंचे भाऊ, सगळ्यात पुढे मांडी घालून बसले.

काकाजींनी खेळ सुरू केला. योद्धा दरीतून पळू लागला.

"हा नायक आहे का?" डोमाजी मामांनी विचारलं.

"हो."

"मंग कवाचा पळूनच राहिला. गाणं काहून म्हणत नाही?"

"त्याले गाणं नाही, डोमाजी."

"नायकाले गाणं नाही?" मामांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "अन् नायिका?"

"ते मागच्या अंकात मेली."

हे मामांना पटलं. थोड्या वेळाने जुन्या गोष्टीत हरलेला राखेचा राजा पुन्हा उठला, काकाजी दोनदा मेले, आणि मेलेला माणूस परत उभा राहिला तेव्हा मागून कुणीतरी "वन्स मोअर" म्हणालं. लढाई चालू असताना मामा मात्र योद्ध्याकडे पाहतच नव्हते. ते दरीकडे, ओल्या खडकांकडे, धुक्याकडे पाहत होते. "पडदे लय भारी आहेत जी," ते म्हणाले. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि चिवडा पुढे सरकवला.

राजा पडला. घरात टाळ्या झाल्या. पडदा काळा झाला आणि नावं सुरू झाली.

लोक उठू लागले. "बसा," काकाजी म्हणाले, "पडदेवाले यायचे आहेत."

सगळे बसले. नावं येत राहिली. न वाचता येणारी, लांबच लांब, परदेशी नावं. गाडीवाल्यांची, जेवणवाल्यांची, कुणाच्या तरी कुत्र्याचंही नाव आलं. काकाजी उभे होते, चष्मा कपाळावर. मग पुण्याच्या कंपनीचं नाव आलं. एक ओळ. तिच्याखाली माणूस नव्हता, लगेच दुसरी कंपनी. नंतर संगीत थांबलं.

"झालं?" काकूंनी विचारलं.

माझं डोकं तापलं होतं. कुत्र्याचं नाव आहे आणि काम करणाऱ्याचं नाही. "काकाजी, आजच पत्रक काढते," मी म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नितेश होता. काकाजींनी आवाज मोठा ठेवला होता, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बाबा, शेवट पाहिला का? मी सांगणार होतो... पण तुम्ही सगळ्यायले बोलावून बसले होते. आमची नावं नाही टाकत ते. फक्त कंपनीचं."

काकाजींनी योद्ध्याला पुन्हा दरीत उभं केलं. "नाव राहू दे. तूनं केलेला दगड कोणता, ते सांग."

"पुलाच्या डावीकडून खाली उतरा."

योद्धा उतरला. त्या वाटेवर बाण नव्हता, खजिना नव्हता, शत्रू नव्हता. खेळणारा तिथे कधी जाणार नाही अशी जागा. "हा वाकलेला खडक माहा. त्याच्यावरचं शेवाळ पण. पलीकडची ते वेल जमत नव्हती, गेल्या वर्षी दिवाळीतच पूर्ण केली."

"हे?" काकू टीव्हीजवळ गेल्या आणि काचेवर बोट ठेवलं. "हे पण तूनंच केलं?"

"नाही आई, ते भिंत शबानाची. पाणी सेल्वमनं केलं."

काकाजी चटयांकडे वळले. घसा खाकरला आणि मंडईच्या माइकवर बोलतात त्या सुरात म्हणाले, "वेल अन् खडक, नितेश. भिंत, शबानाताई. पाणी, सेल्वमभाऊ." डोमाजी मामांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. फोनमधून हसण्याचा आवाज आला, एकट्या नितेशचा नव्हता. मागे आणखी पोरं होती.

"बाबा, मी स्पीकरवर टाकला आहे," नितेश म्हणाला. "आणखी आठ जण आहेत."

"सांगू दे एकेकाले," काकाजी म्हणाले. आणि त्यांनी एकेकाचं नाव पुकारलं, ज्याने फक्त चिखल केला होता त्याचंही. प्रत्येकाला टाळ्या पडल्या. बाहेर दंडारीचा ढोल सुरू झाला होता, पण उठलं कुणी नाही.

नावं संपल्यावर त्यांनी हातातलं यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं, फोनचा आवाज बारीक केला आणि ते ओट्यावर गेले. टीव्हीत योद्धा वाकलेल्या खडकापाशी उभा होता. मी पाणी द्यायला बाहेर गेले तेव्हा काकाजी खांबाला टेकून, रस्त्याकडे पाठ करून बसले होते.

"गेल्या दिवाळीले सुट्टी कोनालेच नव्हती म्हणते," ते फोनवर म्हणत होते. "मंग त्या दिवशी तुम्ही पोरायनं जेवण कुठं केलं?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"अन् भाजी कोणती होती?"