सौ. विश्रांती – पंधरा मिनिटे

नियोजन कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवू नये! गेली चौदा वर्षं आमच्या शाळेचं वेळापत्रक मी करतो. एकतीस वर्ग, अठ्ठेचाळीस शिक्षक, एकच प्रयोगशाळा, आणि गणिताच्या दोन बाई, ज्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. त्या दोघींना एकाच वेळी मोकळा तास द्यायचा नाही, नाहीतर शिक्षकांच्या खोलीतले कप कमी होतात! हे सगळं मी एका कागदावर बसवतो. तेव्हा युरोपातल्या एका राजधानीची चार दिवसांची सहल बसवणं म्हणजे माझ्या हातचा मळ होता. असं मला वाटलं होतं.

सहल बायकोच्या मनातली. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तेवीस वर्षं ती लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून "मूठ आवळा" म्हणते आहे, आणि तेवीस वर्षं आम्ही त्या शहरात "पुढच्या वर्षी नक्की" जातो आहोत. कधी छत गळलं, कधी मुलीची परीक्षा आली, कधी माझी पाठ धरली. या वर्षी मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, छत आणि पाठ दोन्ही दुरुस्त झाली, आणि सबबीच संपल्या.

"अहो, मला फार काही नको," बायको म्हणाली. "त्या नदीच्या काठी बाकावर बसायचं. हातात कॉफी. आणि कुणी मला 'चल, उशीर होतोय' म्हणायचं नाही."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"झालंच म्हणून समज! बाकीचं माझ्यावर सोड."

तिनं सोडलं. आयुष्यात तिच्या हातून झालेल्या चुका तशा मोजक्याच आहेत. लग्न धरून ही दुसरी.

मी कामाला लागलो. चार दिवसांत अडतीस ठिकाणं! राजवाडा एक तास. तास म्हणजे शाळेचा तास, चाळीस मिनिटं. मोठ्या वस्तुसंग्रहालयाला मात्र मन मोठं करून जोड तास दिला. 'हे संग्रहालय नीट पाहायला तीन दिवस लागतात' असं माहितीपत्रकात छापलं होतं. लागत असतील! लोकांना नियोजन येत नाही, त्याला मी काय करू? दोन पुलांच्या मध्ये पाणी प्यायची पाच मिनिटं ठेवली. स्वच्छतागृहं नकाशावर शोधून तासांच्या मध्ये पेरली. आणि बायकोचं मन मोडायचं नाही म्हणून दररोज दुपारी एक खास चौकोन राखला. त्यात लिहिलं, 'सौ. विश्रांती, नदीकाठ, १५ मिनिटे.'

घरचा प्रिंटर मुलगी गेल्यापासून फक्त गुलाबी छापतो. म्हणून गुरुवारी दुपारच्या मोकळ्या तासाला मी शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर बसलो. नवा तक्ता आखत कोण बसतो? मागच्या वर्षी सातवीला जलशुद्धीकरण केंद्र दाखवायला नेलं होतं, त्याचा तक्ता उघडला, चौकोनांतली टाक्यांची नावं पुसून राजवाडे घातले आणि छापायला दिला. प्रिंटर खोकला, दिवा लुकलुकला, कागद अडकला. तेवढ्यात घंटा झाली. वर्गात बत्तीस मुलं खडू फेकत असतील, या काळजीनं मी निघून आलो.

प्रिंटर मात्र माझ्यापेक्षा चिवट निघाला. मी गेल्यावर त्यानं तो कागद गिळला आणि जोमानं छापायला लागला. शाळेचा तक्ता म्हटल्यावर एका वर्गाला एक प्रत! एकतीस प्रती! वर ठळक अक्षरांत शाळेचं नाव, त्याखाली 'शैक्षणिक भेट', आणि तळाला सातवीच्या वेळची ओळ जशीच्या तशी: 'इच्छुक विद्यार्थ्यांनी रक्तगटाचा दाखला तातडीने जमा करावा.'

आमच्या हेडक्लार्कना सगळे शिक्केसाहेब म्हणतात. कागद दिसला की त्यांचा हात आपोआप उठतो. एकदा ते रजेवर असताना घरच्या दुधाच्या बिलावर शिक्का मारून बसले होते म्हणतात. त्यांनी एकतीस कागद पाहिले, एकतीस शिक्के मारले, आणि शाळा सुटायच्या आत एकतीस वर्गांत पोचवले.

शुक्रवारी सकाळी फाटकाशी मोठा घोळका. मला वाटलं, कुणी पडलं-बिडलं की काय! तर घोळका माझ्याकडेच वळला.

"सर, विमानात खिडकीजवळची जागा! आमच्या पोरीला मळमळतं हो!"

"सर, आमचा झोपेत चालतो. खोली तळमजल्यावर द्या!"

"सर, जुळे आहेत. एकालाच पाठवलं तर चालेल का? कुठलाही न्या!"

"कुठं न्यायचंय?" मी विचारलं.

सगळे हसले. "सर पण ना!" एक वडील कौतुकानं म्हणाले आणि त्यांनी माझाच तक्ता माझ्यासमोर धरला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

धावत मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेलो. खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच गेलो. पण दारावरच पाटी होती: 'कार्यालयातील प्रिंटरवर खासगी छपाई केल्यास कारवाई होईल.' खाली सही माझी! गेल्याच महिन्यात मीच लावली होती.

"या, या!" बाई चक्क उठून उभ्या राहिल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा! "सर, मी तुम्हाला नुसते चौकोन आखणारे गृहस्थ समजत होते. एवढी मोठी योजना, आणि कुणाला पत्ता नाही!"

"मॅडम, मलाही नव्हता. म्हणजे ते जरा चुकून—"

"विनय सोडा आता! संस्थेच्या अध्यक्षांना मी कळवलंय. ते इतके खूश झाले, की त्यांनी वार्ताहरांना बोलावलं. उद्या सकाळी सभागृहात पालकसभा. आणि हो, या सौ. विश्रांती कोण?"

"कोण?"

"मार्गदर्शक आहेत ना तिथल्या? रोज पंधरा मिनिटं वेळ देतायत बिचाऱ्या. आपण त्यांना शाळेचं मानचिन्ह देऊ."

दारावरची माझीच सही आठवली, आणि मी नुसती मान डोलावून निघालो.

बाहेर पडलो तर गणिताच्या थोरल्या बाईंनी गाठलं. "देखरेखीला मी येणार. पण ती येणार असेल, तर मी नाही!" जिन्यावर धाकट्या बाई. "ती येणार असेल, तर मी येणारच!" मैदानावर तर क्रीडाशिक्षकांनी आठवीच्या पोरांना शाळेभोवती पळवायला घेतलं होतं. हातात घड्याळ, तोंडात शिट्टी.

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"सराव, सर! राजवाडा चाळीस मिनिटांत व्हायचा तर पोरांचा दम वाढायला नको? मी हिशेब केला. एका दालनाला अकरा सेकंद मिळतात!"

अकरा सेकंद! हे मी मोजलं नव्हतं.

संध्याकाळी बायको घरी आली. चप्पल काढली, हात धुतले, समोर येऊन बसली. तिच्या शांतपणाची मला जास्त भीती वाटते.

"आज मी किती मुलांचे रक्तगट तपासले, सांगा."

"किती?"

"एकाहत्तर! ओळीनं! एक पोरगा सुई बघून असा किंचाळला, की शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा पेशंट तोंडात कापसासकट पळाला! मी विचारलं, 'कशाला रे हवा रक्तगट?' तर म्हणे, सरांबरोबर जायचंय. कुठं? तर म्हणे, त्या शहरात!"

"अगं, ऐक ना—"

"थांबा. तुम्ही मला न विचारता एकाहत्तर मुलं बरोबर घेतलीत, हे मी एक वेळ समजून घेईन. चौदा वर्षं शाळेत काढली की माणसाचं होतं असं." तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सपाट केला. "पण ही सौ. विश्रांती कोण?"

"तू पण?"

"पहिल्या दिवशी दुपारी, नदीकाठी, सौ. विश्रांती. दुसऱ्या दिवशी सौ. विश्रांती. तिसऱ्या दिवशी परत! आणि चौथ्या दिवशी 'वेळ उरल्यास सौ. विश्रांती'! अहो, लाज कशी वाटली नाही? बाई चांगली लग्न झालेली आहे!"

"अगं, ती तूच आहेस!" मी जीव तोडून ओरडलो. "सौ.ची विश्रांती! तुझी विश्रांती! तुला बाकावर बसायचं होतं ना? ते ते आहे!"

मला वाटलं, आता ती हसेल. मीही हसायच्या तयारीत होतो. तिनं कागद पुन्हा उचलला आणि सावकाश वाचला.

"पंधरा मिनिटं?"

"रोज!" मी घाईघाईनं म्हणालो.

"तेवीस वर्षांनी पंधरा मिनिटं. आणि चौथ्या दिवशी वेळ उरल्यास." ती उठली. "यापेक्षा ती बाई खरी निघाली असती तर बरं झालं असतं."

आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला चाललं असतं. मी बाहेर खुर्चीवर बसून त्या तक्त्याकडे बघत राहिलो. अडतीस ठिकाणांच्या त्या गर्दीत तिचा चौकोन खरंच फार बारीक दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पालकांबरोबर मुलंही आलेली, पाय ठेवायला जागा नाही! व्यासपीठावर अध्यक्ष, मुख्याध्यापिका बाई आणि मध्ये मी, बळीच्या बकऱ्यासारखा, फक्त गळ्यात हार कमी. वार्ताहर एकच आला होता, पण लिहीत चौघांइतकं होता. शेवटच्या रांगेत बायको. तिला मी बोलावलं नव्हतं. तिच्याकडे पाहिलं आणि ठरवलं, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तर निदान चावून तरी घेऊ!

"पालकहो," मी ध्वनिक्षेपक पकडला, "ही सहल शाळेची नाही. ती माझी आणि माझ्या बायकोची आहे. मी खासगी कागद शाळेच्या प्रिंटरवर छापला. चूक माझी. कारवाई करा. आणि सौ. विश्रांती नावाच्या कुणी बाई नाहीत. ती माझ्या बायकोची विश्रांती आहे."

आता खुर्च्या येतात की चपला, एवढंच बघायचं राहिलं होतं. अध्यक्षांचा चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला. तेवढ्यात मधल्या रांगेतून एका आईचा आवाज आला.

"पंधरा मिनिटं?"

"अख्ख्या दिवसात?" दुसरी.

"त्यातही शेवटच्या दिवशी वेळ उरल्यास?" जुळ्यांची आई उभीच राहिली. "काय हो सर, प्रिंटरचं राहू द्या, हे आधी सांगा!"

मग काय विचारता! सहल गेली बाजूला! सभागृहाची आख्खी डावी बाजू माझ्यावर तुटून पडली. उजव्या बाजूचे वडील आपापल्या बुटांच्या नाड्या तपासू लागले. गणिताच्या थोरल्या बाई धाकटीला म्हणाल्या, "बघितलंस? असा आहे हा माणूस!" धाकटी म्हणाली, "मी कधीची म्हणतेय!" नऊ वर्षांनी त्या दोघी एकमेकींशी बोलल्या. माझ्याविरुद्ध का होईना!

गोंगाट शमेना तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. "मुलांचा हिरमोड करायचा नाही. सहल शाळेचीच होईल! पण नियोजन एखाद्या जाणत्या सहलकंपनीकडे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोजकी मुलं, रोज दोनच ठिकाणं. देखरेखीला गणिताच्या दोन्ही बाई आणि क्रीडाशिक्षक. तब्येतीकडे बघायला मात्र कुणीतरी हवं."

एकाहत्तर मुलांनी एकदम मागं वळून पाहिलं. बायको संकोचून उभी राहिली.

"याल तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"येईन की," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आणि हे?"

"त्यांना कसं सोडणार?" बाई म्हणाल्या. "तीन शिक्षक जाणार. त्यांचे तास कुणाकुणाला द्यायचे, ते कोण बसवणार?"

मी बसवले. काय करतो?

बायको आठ दिवस राहून आली. येताना माझ्यासाठी पायमोजे आणले. एकाही पोराला ताप आला नाही, कुणी हरवलं नाही, झोपेत चालणारा जागेपणीच इतका चालला की रात्री हललाच नाही. पालक तिच्यावर इतके खूश, की पुढच्या वर्षी पालकांनाही न्यायचं ठरलंय, आणि यादी करायचं काम तिच्याकडे दिलंय.

मीही अर्ज भरला. रीतसर, दोन छायाचित्रं जोडून. "घरातलाच माणूस आहे, जरा बघ ना," असंही म्हणून पाहिलं. "वशिला चालणार नाही," ती म्हणाली. जागा भरल्यात. मी प्रतीक्षा यादीत सातवा आहे. माझ्या आधी सहाव्या नंबरवर क्रीडाशिक्षकांच्या सासूबाई आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. मी सहज चौकशी केली हो. तब्येत ठणठणीत आहे!