दवाखान्याच्या डब्यातली खुर्ची

बायकोच्या हातून पैसा कसा सोडवून घ्यावा, हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं ग्रंथपालांचं ठाम मत होतं. बावीस वर्षांच्या संसारात त्यांना ते एकदाही जमलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पगार हातात आला की बायको तो डब्यांत वाटून टाकायची. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर डबे ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकावर चिठ्ठी: भाडं, वीज, किराणा, कपडे, दवाखाना, मौज. शेवटचा छोटा, बिनचिठ्ठीचा डबा तिचा स्वतःचा. एका डब्यातला पैसा दुसऱ्या खर्चाला लावायचा नाही, हा घरचा कायदा. एकदा महिनाअखेरीला किराण्याचा डबा रिकामा झाला, तर शेजारी मौजेचा डबा भरलेला असताना तिने तीन दिवस बिनसाखरेचा चहा पाजला होता.

अशात ग्रंथपालांच्या डोळ्यांत एक खुर्ची भरली. पाठ टेकली की मागे कलणारी, हातांना जाड गादी, पायांखाली आपोआप पुढे सरकणारी फळी. वीस वर्षं वाचनालयातल्या लाकडी स्टुलावर काढलेल्या माणसाचा जीव तिच्यात न अडकला तरच नवल. दुकानात शनिवारपर्यंत सवलत होती. मौजेच्या डब्यात मात्र खडखडाट होता आणि दवाखान्याचा डबा गच्च, कारण चार वर्षांत घरात कुणी साधं शिंकलंही नव्हतं.

मग काय, योजना तयार झाली. कंबर दुखते म्हणायचं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून 'आरामखुर्ची वापरावी' असं लिहून आणायचं. एकदा डॉक्टरांनी लिहून दिलं की खुर्ची हे औषधच झालं, आणि औषधाला दवाखान्याचा डबा उघडणं बायकोला भागच होतं.

मंगळवारी सकाळी बूट घालायला वाकताना ते कण्हले. कण्हणं जरा जास्तच झकास वठलं. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. तिचे वडील असेच एका सकाळी वाकले होते ते पुन्हा उठलेच नव्हते, हे ग्रंथपाल साफ विसरले होते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं नावही न काढता तिने थेट भावाला फोन लावला. हा मेहुणा मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायचा. तासाभरात तो गाडी घेऊन दारात हजर झाला.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, दुखणं पायात उतरतं का? साध्या दुखण्याला गोळी मिळेल, खुर्चीसाठी दुखणं थोडं वाढवायला हवं, असा हिशेब करून ग्रंथपाल हो म्हणाले. मुंग्या येतात का? येतात. प्रत्येक होकारासरशी डॉक्टर एक तपासणी लिहीत गेले.

"पाय बधिर होतो?"

"होतो."

"कुठला?"

"दोन्ही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मेहुण्याकडे पाहिलं.

आधी रक्त काढलं, मग एक्स-रे झाला, मग त्यांना एका बोगद्यासारख्या यंत्रात सरकवलं. आत कुणीतरी पत्रा बडवावा तसा आवाज होत होता आणि हलायची बंदी होती. तिथे त्यांच्या दोन्ही पायांना खरोखरच मुंग्या आल्या. थापा मारता मारता खरंच काही निघालं तर? बाहेर आल्यावर काचेपलीकडे डॉक्टर आणि मेहुणा डोकं जुळवून उभे दिसले. हा मेहुणा एरवी कुणाच्याही फजितीवर खो-खो हसणारा. आज तो हसत नव्हता.

बायको पैसे आणायला घरी गेली होती. ती परतली तेव्हा तिच्या पिशवीत दोन डबे होते. एक दवाखान्याचा, दुसरा बिनचिठ्ठीचा. पैसे भरायच्या खिडकीशी ती त्या दुसऱ्या डब्यातल्या घड्या घातलेल्या नोटा एकेक करून उलगडत होती.

"अगं, तो कशाला आणलास?"

"पहिला पुरत नाहीये."

"पण तुझा कायदा..."

"अहो, माणूसच राहिला नाही तर डबे कुणासाठी मांडू?"

ग्रंथपालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ता बोलावं, सगळं सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण एवढ्या लोकांत ती काय करेल याचा ते विचार करत राहिले, तोवर पावतीवर शिक्का बसलाही होता.

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. मणका उत्तम होता, रक्तही चोख. मेहुणा हसत नव्हता कारण तो सकाळपासून उपाशी होता. मात्र जपायला हवं, डॉक्टर म्हणाले. मऊ गादी बंद, मागे रेलून बसणं बंद, महिनाभर जमिनीवर चटई टाकून झोपायचं. बायको पदराने डोळे पुसत त्यांचे आभार मानत राहिली आणि ग्रंथपाल फरशीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर तिने दोन्ही रिकामे डबे घासून पालथे घातले.

"हे भरायला पुढचा मार्च उजाडेल," ती शांतपणे म्हणाली. "तोवर या घरात कुणी आजारी पडायचं नाही."

तीन रात्री ग्रंथपाल जमिनीवर झोपले. चौथ्या दिवशी सकाळी चटईवरून उठायला गेले, ते अर्ध्यातच अडकले. कंबर धरली होती. कळ डाव्या पायात उतरत होती, पाठोपाठ मुंग्या, अगदी डॉक्टरांना सांगितल्या होत्या तशाच. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायको डोकावली.

"कसं वाटतंय आता?"

"एकदम ठणठणीत," ग्रंथपाल म्हणाले, आणि ती आत जाईपर्यंत चटईची घडी घालत असल्यासारखे तसेच वाकून राहिले.